टीबीचं कडेकोट गुपित

६ ऑक्टोबर, सकाळ

वजन चार किलोनी उतरलं! पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. व्यायाम शून्य, पथ्य शून्य. नुसता संकल्प. गेल्या महिन्यात मनाशी म्हटलं, बारीक व्हायचं, आणि शरीरानं मुकाट ऐकलं. लोक पहाटे उठून धापा टाकत पळतात. मी झोपून बारीक झालो. याला इच्छाशक्ती म्हणतात.

बायको म्हणते, आरशात बघा जरा, गालफडं बसलीत. बघितलं. रुबाबदार दिसतोय.

तिची दुसरी तक्रार खोकल्याची. तीन आठवडे झाले म्हणे. तिला समजावलं, ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्याला खोकला असायचाच. दिवसभर 'ब्रेक, अहो ब्रेक, ब्रेक म्हणतोय मी' ओरडल्यावर घशाचं काय होणार? सुताराच्या हाताला घट्टे, तसा माझ्या घशाला खोकला. धंद्याची खूण.

संकल्प: डॉक्टरकडे जायचं नाही. गेलं की ते काहीतरी काढतात.

१० ऑक्टोबर

मोठा शोध लागला. माझ्याकडे एक मुख्याध्यापिका शिकायला येतात. तिसरी बॅच. पाय क्लचवरून काही केल्या उचलत नाहीत, म्हणून मनातल्या मनात त्यांना मी क्लचताई म्हणतो. आज भर चौकात मला खोकल्याची उबळ आली आणि ताईंनी खाडकन ब्रेक मारला. त्यांना वाटलं इशारा! मग मी मुद्दाम खोकून पाहिलं. पुन्हा ब्रेक. परफेक्ट. ओरडायचं कारणच नाही. 'खोकला-ब्रेक पद्धत' असं नाव द्यावं.

छोट्या सरांना पद्धत समजावली. हे माझे असिस्टंट. वयानं चारच वर्षांनी लहान, पण स्कूल माझं म्हणून मोठा सर मी. मी खोकून दाखवत होतो तर मध्येच म्हणाले, सर, काचा उघडू का? मी म्हटलं, एसी चालू असताना? पेट्रोल काय झाडाला लागतं? दृष्टी नाही माणसाला.

१५ ऑक्टोबर, संध्याकाळ

थर्मामीटर बिघडलाय. रोज संध्याकाळी शंभर दाखवतो. नवीन आणला. तोही शंभर. हल्ली वस्तूंना दर्जाच राहिला नाही.

सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे माझं आणि त्यांचं छान जमतं. आज त्यांनी माझं मनगट धरलं, बराच वेळ सोडलं नाही. मग लेकीकडे बघितलं. मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या. चहाचं काहीतरी असेल.

२१ ऑक्टोबर

बेसिनमध्ये लाल ठिपका. टूथपेस्टचा असणार. पेस्ट पांढरी आहे हे खरं, पण हल्ली कशात काय घालतात सांगता येत नाही. नवीन पेस्ट आणली.

२२ ऑक्टोबर

नव्या पेस्टचाही लाल ठिपका. शेवटी डॉक्टरकडे गेलो. तब्येत दाखवायला नव्हे, पेस्टबद्दल मत घ्यायला. त्यांनी पेस्टबद्दल काहीच मत दिलं नाही. एक्स-रे काढा म्हणाले. थुंकीही मागितली. डबी हातात दिली. पन्नाशीच्या, प्रतिष्ठित, इस्त्रीचा शर्ट घातलेल्या माणसाला कोपऱ्यात उभं राहून डबीत थुंकायला लावणं, काही बोलायलाच नको.

एक्स-रेच्या रांगेत एक फार हुशार गृहस्थ भेटले. शिंपी. गळ्याला मफलर. त्यांना म्हणे टीबी झाला होता. सहा महिने गोळ्या सांगितल्या होत्या, यांनी दोन महिन्यांत बंद केल्या. का? कारण बरं वाटायला लागलं! बरं वाटल्यावर औषध घेतो तो वेडा, असं त्यांचं म्हणणं. आता उगाच पुन्हा बोलावून छळतात म्हणाले. किती सरळ विचार! माझ्या पँटी त्यांच्याकडेच टाकणार.

२५ ऑक्टोबर

टीबी.

मी डॉक्टरांना म्हटलं, चूक झाली असेल, आमच्या घरात असलं काही नसतं. ते म्हणाले, जंतू घर बघून शिरत नाही, हवा बघून शिरतो. दिवसभर बंद गाडीत बसता ना?

मी विचारलं, कोणाला कळणार तर नाही? म्हणाले, घरच्यांना तुम्ही सांगायचं. सरकारी ऑफिसला मी कळवणार. टीबीचा प्रत्येक पेशंट कळवावाच लागतो. मी सुचवलं, दुसऱ्या कोणाच्या नावानं कळवता येईल का? डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, याच वॉर्डात गेल्या वर्षी माणसं गेली. रोग मोठा म्हणून नाही, उशीर मोठा म्हणून. कळवलं की औषध तुमच्यापर्यंत येतं, आणि तुम्ही पळालात तर मागून माणूसही येतो.

पळणाऱ्यातला मी नाही. लपणाऱ्यातला आहे.

निर्णय: कोणालाही सांगायचं नाही. बायको घाबरेल. मुलगी इंटरनेटवर शोधेल, म्हणजे आणखी घाबरेल. स्कूलमध्ये कळलं तर बंद गाडीत माझ्याशेजारी कोण बसणार? सहा महिने एकट्यानं झेलायचे. पहाडासारखं. गुपित ठेवण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

२६ ऑक्टोबर

दोन-तीन आठवडे स्कूलला सुट्टी, मास्क लावायचा, वेगळं झोपायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय. घरी एकेक कारण तयार करून सांगितलं. सुट्टी: ड्रायव्हिंगवर पुस्तक लिहितोय. मास्क: धुळीची ॲलर्जी. बाहेरच्या खोलीत झोपणं: घोरतो.

बायको म्हणाली, बरं. एकही प्रश्न नाही. तिचा माझ्यावर किती विश्वास! उलट घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या आणि माझ्या गादीशी पाण्याचा तांब्या ठेवला. पुस्तक लिहिणाऱ्याला तहान लागते म्हणे.

पहिल्या गोळ्या घेतल्या. साधारण बटणाएवढ्या. तीन. पंधरा मिनिटांत बरं वाटायला लागलं.

२७ ऑक्टोबर, सकाळी साडेसहा

मी मरतोय. लघवी केशरी. केशरी म्हणजे रंगपेटीतली केशरी.

सकाळी साडेनऊ

मरत नाहीये. डॉक्टरांना फोन केला. गोळ्यांनी तसं होतंच, परवाच सांगितलं होतं म्हणाले. सांगितलं असेल. मी तेव्हा पहाडासारखं कसं राहायचं याचा विचार करत होतो.

नवा नियम: दोनदा फ्लश.

२९ ऑक्टोबर

थरारक प्रसंग. सासूबाईंना डोळे तपासायला घेऊन निघालो होतो. मी मास्कमध्ये, काचा उघड्या, त्या मागच्या सीटवर. फोन वाजला. गाडीच्या स्पीकरला जोडलेला असतो हे विसरलो. बाईंचा खणखणीत आवाज: 'आपण टीबीचे पेशंट बोलताय ना? आरोग्य खात्यातून बोलतेय. डॉक्टरांनी तुमचं नाव कळवलंय.' सगळ्या सिग्नलला ऐकू गेलं. शेजारचा रिक्षावाला वळून बघायला लागला.

पण मी डगमगलो नाही. म्हटलं, टीव्ही! हो, हो, टीव्ही बिघडलाय, नंतर बोलू. फोन कट.

मागून सासूबाई: काय झालं टीव्हीला?

बिघडलाय, मी ओरडून सांगितलं.

त्या म्हणाल्या, असा बिघाड सहा महिने खातो. पण होतो दुरुस्त. मधे सोडायचा नाही मात्र.

ऐकू कमी येणाऱ्या माणसांचं हे असं असतं. काहीतरी असंबद्ध बोलतात.

१ नोव्हेंबर

आरोग्य खात्याच्या त्याच बाई थेट दारात. खांद्याला पिशवी, पायात झिजलेल्या चपला, तोंडावर मास्क. सगळा वॉर्ड पायी फिरतात. यांना मी हेल्थ मॅडम म्हणतो. दार सासूबाईंनी उघडलं. मी उडी मारूनच मध्ये पडलो आणि मोठ्यांदा म्हटलं, या, या! ड्रायव्हिंग शिकायला आलात ना?

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं. मग म्हणाल्या, हो तर. कधीपासून शिकायचंय.

बाई सोंगाला सोंग मस्त देतात असं मनात म्हटलं. खाली गाडीपाशी येऊन आभार मानले. तर ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसल्या. म्हणाल्या, सोंग कशाला? खरंच शिकवा. फक्त काचा उघड्या, दोघांचे मास्क वर. आणि आधी माझ्यासमोर गोळ्या.

आठवड्यातून तीन दिवस ठरलं. माझ्या चातुर्यानं सरकारी माणूसही कामाला लागला. फी घ्यायचा प्रश्न येत नाही.

५ नोव्हेंबर

मॅडम शिकायला बऱ्या आहेत, पण फार बडबड्या. मी सांगतोय, हळूहळू क्लच सोडा, थरथर जाणवली की ॲक्सिलरेटर. आणि या विचारतात, घरी कोण कोण असतं सर? मी म्हणालो, बायको, मुलगी, सासूबाई, अहो इंडिकेटर! गाडीत रोज कोण बसतं? छोटे सर, क्लचताई, आणखी पाच-सहा जण, अहो हँडब्रेक काढा आधी! त्यांचे फोन नंबर? मी तोंडपाठ सांगितले, स्मरणशक्ती माझी तल्लख आहे.

स्त्रियांना एकमेकांच्या चौकशा फार.

१२ नोव्हेंबर

योगायोग बघा. बायको, मुलगी आणि सासूबाई तिघी मिळून एक्स-रे काढून आल्या. मी विचारलं, कशाला? मुलगी म्हणाली, ऑफिसला मेडिकल लागतंय. मग आजीचा का? सोबत म्हणून, म्हणाली. सोबत म्हणून एक्स-रे! तिघी ठीक आहेत म्हणे. क्लचताईंचा फोन आला, त्याही तपासून आल्यात. लोकांमध्ये आरोग्याची जागृती किती वाढलीय! मला कौतुक वाटलं.

२० नोव्हेंबर

स्कूल पुन्हा सुरू. वजन दोन किलोनी वाढलं. बायको रोज दोन अंडी खायला लावते. पुस्तक लिहायला ताकद लागते, असं म्हणते. (पुस्तक: शीर्षक ठरलंय.)

छोट्या सरांनी आता रजा मागितली. दोन-तीन आठवडे गावी. दिली. माझ्यामागे सगळं एकट्यानं ओढलं, थकले असणार. दयाळू मालक आहे मी.

११ डिसेंबर

छोटे सर परतले. मास्क लावतात. गाडीच्या काचा उघड्या ठेवतात. हुबेहूब माझी नक्कल! नेतृत्व म्हणजे हेच. आपल्याला सांगावं लागत नाही, माणसं बघून शिकतात.

हेल्थ मॅडम चौथ्या गिअरपर्यंत पोचल्या. क्लचताई पहिल्यातच आहेत.

२९ डिसेंबर

थुंकीचा रिपोर्ट स्वच्छ! मॅडम म्हणाल्या, छान, आता गोळ्यांचा दुसरा टप्पा, आणखी चार महिने. मी मान हलवली. पण आतून वेगळाच विचार. जंतू नाहीत, खोकला नाही, ताप नाही, भूक राक्षसासारखी. आणि दोन महिने झाले. मफलरवाल्या शिंप्यांचे शब्द आठवले.

शास्त्रशुद्ध निर्णय: औषध पूर्ण झालं. सहा महिने हे सामान्य माणसासाठी. इच्छाशक्तीवाल्याला दोन पुरेत.

४ जानेवारी

मॅडम नसतात त्या दिवशी गोळ्या नाहीत. त्या असतात त्या दिवशी जिभेखाली. पाणी पितो, 'आ' करतो, बाई समाधानानं गाडी सुरू करतात. जादूगाराला लाजवेल असा हात... म्हणजे जीभ.

९ जानेवारी

आज मॅडमना रिव्हर्स पार्किंगला वेळ लागला. अर्धा तास गोळ्या जिभेखाली. विरघळल्या. कडूजहर. त्यातच एक पादचारी आडवा आला आणि मी 'ब्रेक!' ओरडलो. मॅडमनी ब्रेक मारला, माझ्याकडे बघितलं, आणि बघतच राहिल्या. आरशात पाहिलं. जीभ, दात, ओठ, सगळं केशरी.

आइस गोळा खाल्ला म्हणालो. थंडीत? हो, आवडतो मला.

त्यांनी गाडी पुन्हा गिअरमध्ये टाकली. फक्त म्हणाल्या, सर, शिकवताना तुम्ही एक छान सांगता. उतार लागला की इंजिन बंद करायचं नाही, ब्रेकचा जोर जातो. मी म्हटलं, हो, तो माझा आवडता धडा आहे. बाईंना लक्षात राहिला याचा आनंद झाला.

१८ जानेवारी

पँटी पोटावर घट्ट व्हायला लागल्या! तीन पँटी पिशवीत घालून मफलरवाल्यांच्या दुकानाचा शोध घेत गेलो. म्हटलं, कंबरही सैल करून घेऊ आणि गुरूला सांगूही, तुमचा सल्ला मानला.

दुकान बंद. शटरवर धूळ. शेजारी इस्त्रीवाला होता. त्याला विचारलं, कधी उघडतात? तो इस्त्री तशीच उभी ठेवून म्हणाला, मास्तर गेले. गुरुवारी.

मला आधी कळलंच नाही. कुठे गेले, विचारलं.

तो म्हणाला, छातीचं दुखणं. बरे झाले होते. गोळ्या सोडल्या आणि पुन्हा उलटलं. मग त्या गोळ्यांना दाद देईना. एक आरोग्यवाल्या बाई यायच्या सारख्या. मास्तर आतून कडी लावून बसायचे आणि मला सांगायला लावायचे, दुकान बंद आहे म्हणून सांग. मी सांगायचो.

तो पुन्हा इस्त्री करायला लागला. एकाच कॉलरवर किती वेळ फिरवत होता.

गाडीत येऊन बसलो. डॅशबोर्डच्या कप्प्यात गोळ्या होत्या. पाणी नव्हतं. तशाच गिळल्या. घशात अडकल्या, पण गेल्या.

आज आणखी काही लिहायचं नाही.

१९ जानेवारी

गोळ्या चालू ठेवायचा निर्णय मी स्वतःच्या अभ्यासानं घेतला. कालच्या गोष्टीचा काही संबंध नाही. शिंप्याची केस वेगळी होती. तरीपण.

मॅडम क्लासला आल्या तेव्हा सांगून टाकलं. जिभेखालचंही. वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या नाहीत. विचारलं, किती दिवस? मी सांगितलं. उद्याच डॉक्टरांकडे चला म्हणाल्या, किती वाढवायचं ते ठरवतील. मग मी शिंप्याचं विचारलं. तुम्हीच जात होतात का?

आम्ही चढावर होतो. त्यांनी गाडी बंद पाडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाल्या, आत शिलाईचं मशीन चालू असायचं, सर. बाहेर मला ऐकू यायचं. दुकान बंद आहे म्हणायचे, आणि मशीन चालू.

मागे हॉर्नचा गोंधळ. मी खाली उतरून सगळ्यांना हात केला, थांबा जरा, एल बोर्ड आहे. शिकणाऱ्याची गाडी बंद पडतेच.

३ फेब्रुवारी

रोज गोळ्या. रोज सकाळी, नाश्त्याआधी. तोंड उघडून स्वतःच आरशात बघतो. घरात अजूनही कोणालाच पत्ता नाही. माझ्या गुपिताला तोड नाही.

मॅडमच्या वॉर्डात गेल्या महिन्यात बरेच नवे पेशंट निघालेत, सांगत होत्या. खासगी डॉक्टर आता जास्त कळवतात म्हणून आकडा वाढलेला दिसतो, म्हणे. मी म्हटलं, मग आकडा वाढला हे वाईट का चांगलं? त्या म्हणाल्या, आकड्यात आला तो सापडला, सर. लपलेला मोजता येत नाही. मग माझ्याकडे बघून हसल्या. का कोण जाणे.

२ मार्च

दुपारी स्कूलच्या ऑफिसमध्ये अचानक शिरलो. छोटे सर पाठमोरे, हातात पाण्याची बाटली. वळले. तळहातावर गोळ्या. बटणाएवढ्या. माझ्याच गोळ्या!

आधी वाटलं, माझ्या चोरल्या. मग कळलं.

मी विचारलं, कधीपासून? ते म्हणाले, नोव्हेंबर. गावी गेलोच नव्हतो, घरी बसलो होतो. मॅडमनी तपासायला नेलं म्हणून लवकर सापडलं, बायकापोरं ठीक आहेत. मग हसले. म्हणाले, सर, या धंद्यात जे आहे ते तुमच्याकडूनच मिळालंय.

विनोद चांगला होता. मला हसता आलं नाही. बंद काचा, एसी, आणि मी शेजारी बसून खोकून दाखवतोय. त्यांनी विचारलं होतं, काचा उघडू का. ते हे बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी सॉरी म्हणालो. छोट्या सरांनी बाटली माझ्याकडे सरकवली. घ्या पाणी, म्हणाले, तोंड कोरडं पडलंय तुमचं.

संकल्प: ऑफिसच्या चाव्यांचा दुसरा जुडगा त्यांना द्यायचा. पार्टनर करायचं. उद्या बोलतो.

३ मार्च

बोललो. मला वाटलं, रडतील. म्हणाले, लेखी द्या.

१६ एप्रिल

हेल्थ मॅडम लायसन्सच्या टेस्टला पहिल्या झटक्यात पास! परीक्षक म्हणाला, कोणाकडे शिकलात? मॅडमनी माझं नाव घेतलं. क्लचताई पुन्हा नापास. त्यांनी कोणाचं नाव घेतलं विचारलं नाही.

७ मे

शेवटची गोळी. मधले दिवस चुकवले होते तेवढे डॉक्टरांनी वाढवून दिले, तेही झाले. रिपोर्ट स्वच्छ. डॉक्टरांनी हात मिळवला.

उद्या घरात जाहीर करणार. भाषण तयार आहे. सुरुवात: 'तुम्हाला वाटत असेल हा माणूस पुस्तक लिहीत होता.' मग थांबायचं. मग: 'नाही. हा माणूस झुंजत होता.' इथे बायकोच्या डोळ्यात पाणी येणार. रुमाल धुऊन ठेवलाय.

८ मे, दुपारी

सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. उभा राहिलो. 'तुम्हाला वाटत असेल हा माणूस पुस्तक लिहीत होता,' म्हणालो आणि थांबलो.

मुलगी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, नाही वाटत बाबा. टीबीचा रिपोर्ट आला ना? निगेटिव्ह?

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, पेढे... नको, तुम्हाला गोड जास्त झालंय, वजन बघा.

म्हणजे सगळ्यांना माहीत. मुलीला गोळ्यांच्या पाकिटावरून. म्हणाली, गाडीच्या कप्प्यात कोण लपवतं बाबा, चार्जर तिथेच असतो. बिल्डिंगच्या वॉचमनलाही माहीत, सिग्नलच्या रिक्षावाल्याचा तो मेव्हणा. सासूबाईंना पहिल्या दिवसापासून. मी म्हटलं, पण तुम्हाला ऐकू येत नाही! त्या म्हणाल्या, येतं की. सगळंच ऐकावंसं वाटत नाही, एवढंच.

आणि हेल्थ मॅडम दर आठवड्याला बायकोशी फोनवर बोलत होत्या. केशरी जिभेच्या दिवशी तर दोनदा. मी विचारलं, मग मला कोणी बोललं का नाहीत? मुलगी म्हणाली, तुम्ही इतके खूश होतात लपवताना. आणि आजी म्हणाली होती, गोळ्या गिळतायत ना, मग गिळू दे.

भाषण तिथेच संपलं.

संध्याकाळी

स्वयंपाकघरात गेलो. बायको भाजी परतत होती. मी विचारलं, तुला नक्की कधी कळलं?

ती म्हणाली, संशय आधीच होता, नक्की कळलं गोळ्यांच्या पहिल्याच सकाळी. बाथरूममध्ये. दोनदा फ्लश करून कुठे जातो तो रंग.

मी म्हटलं, त्यावरून कसं कळलं? मला तर वाटलं मरतोय.

तिनं गॅस बारीक केला. म्हणाली, मला होऊन गेलाय.

काय होऊन गेलाय?

तेच. एकोणीस वर्षांची होते. आपलं लग्न ठरायच्या दोन वर्षं आधी. तेव्हा गोळ्या जास्त दिवस असायच्या. आई रोज समोर बसायची, मी गिळेपर्यंत उठायची नाही.

मला बसायला जागा सापडेना. ओट्याला टेकलो. सव्वीस वर्षं! एक घर, एक ताट, एक छत. मी विद्यार्थ्यांना शिकवतो, तिन्ही आरशांत लक्ष असू द्या, मागून काय येतंय ते दिसलं पाहिजे. आणि हिच्या बाबतीत मला कशाचा म्हणजे कशाचाच पत्ता नाही. मी विचारलं, सांगितलं का नाहीस?

ती म्हणाली, मला बघायला आलात तेव्हा तुमच्या आत्यानं विचारलं होतं, मुलीला चष्मा तर नाही ना? चष्म्याला एवढं, तर याला केवढं, म्हणून आई म्हणाली, गप्प बस. मग गप्प बसायची सवय झाली. तुम्हाला झाला तेव्हा सांगणार होते. पण तुम्ही ॲलर्जी म्हणालात, घोरणं म्हणालात, पुस्तक म्हणालात. इतक्या कष्टानं रचलेलं मोडवेना.

मी म्हटलं, भीती वाटली असेल तुला. एकटीला.

ती भाजी परतत राहिली. मग म्हणाली, तेव्हा वाटली. या वेळी तुमची वाटली. जानेवारीत जास्त.

मला काहीतरी बोलायचं होतं. पहाड, झुंज वगैरे सोडून काहीतरी. कोथिंबीर निवडायला घेतली. अशी निवडत नाहीत, ती म्हणाली, पण निवडू दिली.

मग हळूच म्हणाली, हे बघा, मी तुम्हाला सांगितलं हे आईला कळू देऊ नका. तिनं माझ्याकडून शपथ घेतलीय. उगाच मनाला लावून घेईल.

मी तिला वचन दिलं. म्हटलं, निश्चिंत राहा. या वेळी शब्द म्हणजे शब्द. कोणाला सुगावासुद्धा लागणार नाही.

बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला: सांगितलंस का गं एकदाचं त्यांना?